उलटा मजला, भाग तेरावा

४ जून

ताई,

अकरावा भाग वाचून झाला. दहापैकी चार. सात जखमा विसरल्या म्हणून तीनच देणार होतो, पण खाटकाच्या दुकानातली मारामारी फर्मास जमली आहे, त्याचा एक वाढवला. लिफ्टवाला त्या उलट्याला उचलून मांसाच्या आकड्याला अडकवतो आणि आकडा पाठीतून शिरून गळ्याखाली बाहेर येतो, ते पान मी बराकीत मोठ्यानं वाचलं तेव्हा शेजारच्या सुतारानं ताट बाजूला सारलं.

आमची पत्रं तपासणारे साहेब बदललेत. त्यांच्यासाठी चार ओळी लिहितो, तू पुढे वाच. साहेब, 'उलटा मजला' ही कादंबऱ्यांची मालिका आहे. शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये एक बटण जास्तीचं असतं. ते दाबलं की लिफ्ट ज्या मजल्यावर थांबते तो कुठल्याच नकाशात नाही. तिथे उलटे राहतात. त्यांची सावली छतावर पडते आणि ते माणसांच्या सावल्या ओरबाडून खातात. त्यांचा म्होरक्या म्हणजे मुकादम. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस लोखंडी पाना घेऊन त्याच्या मागावर आहे. माझी बहीण ज्या छापखान्यात प्रुफं तपासते तिथेच ही पुस्तकं छापतात, ती मला पाठवते आणि मी गुण देतो. नियम एकच, जखम विसरली की एक गुण कमी. तेव्हा मी पत्रात कुणाला मारायचं म्हटलं तर ते पुस्तकातलं समजावं.

तर ताई, दहाव्या भागात लिफ्टवाल्याचा खांदा निखळतो आणि अकराव्याच्या बाराव्या पानावर तो त्याच हातानं लिफ्टच्या दोराला लोंबकळतो. लेखकाला लाज नाही. पण एक गोष्ट तो बारा वेळा विचारलं तरी विसरणार नाही. मुकादमानं लिफ्टवाल्याच्या बहिणीची सावली फाडली, म्हणून हे सगळं चाललंय.

मीही विसरत नाही. तुझं डाव्या हातानं काढलेलं वाकडंतिकडं अक्षर पाकिटावर दिसलं की मला तो जिना दिसतो. ज्याला मी भावोजी म्हणायचो त्यानं तुझा उजवा हात मोडला. मी नळ दुरुस्त करणारा माणूस, पाना हातातच होता. जबडा फोडला, गुडघा फोडला, त्याची सात वर्षं भरतोय. तीस नोव्हेंबरला सुटतोय. काम अर्धं राहिलंय. (साहेब, लिफ्टवाल्याचं काम.)

बारावा भाग लवकर पाठव.

तुझा,
गेंडा

१७ जून

गेंड्या,

चार गुण जास्तच दिलेस. आकडा पाठीतून शिरून गळ्याखाली येईल कसा? मध्ये हाडं नाहीत का? मी प्रुफावर लेखकाला हाच प्रश्न विचारला होता. त्यानं समासात उत्तर लिहिलं, "उलट्यांना हाडं नसतात." नवव्या भागात ह्याच उलट्यांच्या हाडांचा खच पडलाय, तिथे लिफ्टवाला ठेचकाळतो. मालिका लांबली की असं होतं. वाचक चालवून घेतो, कारण त्याला पुढचा ठोसा हवा असतो.

आणि आपला नियमही लंगडा आहे. आपण गुण कापतो ते फक्त लिफ्टवाल्याच्या जखमांचे. चौथ्या भागात तो भर बाजारात पाना फिरवतो तेव्हा मागची फुलवाली कोसळते. आठव करून बघ. "मागे कोणीतरी पडलं," एवढंच वाक्य आहे. ती मेली, जगली, तिची टोपली कोणी उचलली, पुढच्या सात भागांत एक ओळ नाही. तिचे गुण कोणी कापायचे?

आता तुझ्या अर्ध्या राहिलेल्या कामाबद्दल. मला तुझी भाषा कळते, मला नको शिकवूस. त्या माणसाला मी घटस्फोटानंतर पाहिलेलं नाही. त्याला पाच वर्षं झाली. त्याचं काय झालं, कसा लंगडतो, कुठे राहतो, मला काही नको. मला माझा भाऊ हवाय. खोली बदलली आहे, दोन खाटा मावतात, खिडकी गल्लीकडे उघडते. तू तिथे पुस्तकं बांधायचं काम शिकलास म्हणून आमचे मालक तुला बांधणी खात्यात घ्यायला तयार आहेत. आमचं छपाईचं मशीन चालवतात त्या मशीनकाकांनी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. एकदा जरी कुणावर हात उचललास तर त्यांचाही शब्द खाली पडेल आणि मी पुन्हा पाकिटांवर पत्ते लिहीत बसेन. ह्या वेळी सात वर्षांवर भागणार नाही हे तुलाही कळतं.

बारावा पाठवते आहे.

ताई

११ जुलै

ताई,

बाराव्याला सहा. धोबीखान्यातला प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. मुकादम लिफ्टवाल्याचा कान चावून तोडतो आणि थुंकतो, मग लिफ्टवाला त्याचं तोंड उकळत्या हौदात दाबून धरतो, कातडी चादरीसारखी सुटते. तरी मेला नाही बेटा! मग गच्ची. मुकादम पालथा पडलाय, लिफ्टवाल्याचा पाना वर गेलाय, आणि भाग संपला! सुतार म्हणाला, "ह्या लेखकालाच आत आणा रे."

फुलवालीचं म्हणशील तर चूक तिचीच. मारामारी चालली असताना मध्ये यायचंच कशाला? लिफ्टवाल्यानं मुकादमाकडे बघायचं की मागे कोण उभं आहे ते मोजत बसायचं? मध्ये येणाऱ्याला लागणारच. त्याचे गुण कापायचे नसतात.

खोलीचं वाचून बरं वाटलं. पण तीस तारखेला गेटवर येऊ नकोस. मी संध्याकाळपर्यंत येईन. आधी मला एका ठिकाणी जायचंय. मुकादम कुठल्या मजल्यावर राहतो ते कळलंय. परवा आत आलेल्या एकाच्या ओळखीतला निघाला. कागदावर लिहून घेतलंय. (साहेब, पुस्तकातला मजला.) तेराव्या भागात पाना खाली येईलच. लिफ्टवाला जे करील तेच बरोबर असेल.

पेपरात वाचलं की लेखकानं मालिका सोडली. खरं का?

गेंडा

२२ जुलै

गेंड्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. मध्ये येणाऱ्याचीच चूक असं तू लिहिलंस. बरं.

पेपरात काहीही येतं. तेराव्या भागाचं हस्तलिखित माझ्या टेबलावर आहे, ऑक्टोबरात पुस्तक पाठवते. तोवर मला एक शब्द दे. तेरावा पूर्ण वाचून त्याला गुण दिल्याशिवाय तू काहीही ठरवणार नाहीस. लिफ्टवाला करील तेच बरोबर, हे तूच म्हणालास. मग त्याला करू दे आधी.

ताई

१९ ऑगस्ट

ताई,

शब्द दिला.

उशीर झाला कारण दहा दिवस मला एकट्याला कोंडलं होतं. सुटायची तारीख मात्र पुढे गेली नाही, घाबरू नकोस. झालं असं की एका हरामखोरानं बाराव्या भागाची शेवटची आठ पानं तंबाखू वळायला फाडली. गच्चीची पानं! मी आंघोळीच्या हौदापाशी त्याला गाठला. मान धरून डोकं नळावर आपटलं, दोनदा. पाण्यात दात पडला तो मी पाहिला, पांढरा, मुळाशी लाल. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात सुतार धावत आला आणि न्हाणीच्या दाराच्या फटीतून हात घालून मला मागे ओढायला लागला. ओढाताणीत त्याचा अंगठा लोखंडी दारात सापडला. वरचं पेर गेलं. त्या पानफाड्यामुळे बिचाऱ्या सुताराचा अंगठा गेला, त्याचाही हिशेब मी कधीतरी चुकता करणार आहे.

पानं गेली, पण मला शब्द न् शब्द पाठ आहेत.

गेंडा

२ सप्टेंबर

गेंड्या,

एवढंच कळव. दार कोणी ढकललं?

ताई

१२ सप्टेंबर

ताई,

दार मीच ढकललं. सुतार मागे आहे हे मला दिसलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि ते त्या पानफाड्यामुळे नव्हतं. तू वकिलासारखं विचारू नकोस.

सुतार माझ्याशी बोलत नाही. त्याला आता रंधा नीट धरता येत नाही. पुस्तकं मोठ्यानं वाचायचं मी बंद केलंय, ऐकणारा तोच एक होता.

गेंडा

१४ ऑक्टोबर

गेंड्या,

तेरावा भाग सोबत आहे. पहिलीच प्रत, मशीनकाकांनी खास काढून दिली, म्हणून वर चित्र नाही. गुण देताना कुणाची भीड ठेवू नकोस. पण शेवटपर्यंत वाच. मध्येच भिंतीवर फेकलंस तर उचलून पुन्हा वाच.

ताई

९ नोव्हेंबर

ताई,

तेरावा भाग दोनदा वाचला. हा त्या लेखकाचा नाही.

कसं कळलं ते सांगतो. आमच्या बांधणीच्या मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाले, "ही मशीनची शिवण नाही, हातानं घातली आहे, आणि घालणाऱ्याला फार जड गेलंय." पण ते सोड. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. चौथ्या पानावर लिफ्टवाला उठतो आणि दुसऱ्या भागात मुरगळलेला घोटा टेकवत नाही. नवव्या पानावर तो डाव्या बाजूनं चावतो, कारण उजवे दात सहाव्या भागात पडले. एकविसाव्यावर तो गच्चीवर उभा आहे आणि पाना खांद्याच्या वर जातच नाही, दहाव्यातला खांदा धरलाय. कान नाही म्हणून एका अंगानं ऐकू येत नाही. मी एकही गुण कापू शकलो नाही. ज्या माणसाला बारा भागांत एक जखम आठवली नाही, त्याला तेराव्यात सगळ्या आठवल्या? हे लिहिणारं माणूस जगात एकच आहे. ताई, हे तू लिहिलंस.

मला हसू आलं. म्हटलं, वा, आता लिफ्टवाला भजनं म्हणायला लागणार. तसाच पुढे वाचत गेलो आणि एकशे सोळावं पान आलं.

फुलवाली परत येते. बाजार नाही, जिना आहे. संध्याकाळ आहे. झटापटीत जिन्यातला दिवा फुटलाय. लिफ्टवाला पाना फिरवतो. पहिला घाव मुकादमाच्या जबड्यावर. दुसरा गुडघ्यावर. मुकादम खाली पडतो, पायरीवर डोकं टेकून नुसता गुरगुरत असतो, त्याच्यात काही उरलेलं नाही. लिफ्टवाला तिसरा घाव डोक्याच्या अंदाजानं घालतो. तो लागतो तेव्हा ओली फांदी मोडल्यासारखा आवाज येतो आणि ओरडतो तो मुकादम नसतो. फुलवालीनं हात मध्ये घातलेला असतो. तिसऱ्या घावानं मुकादम मेला असता आणि लिफ्टवाला फासावर गेला असता, म्हणून.

ताई, तो आवाज मी ऐकलेला आहे. सात वर्षं मी तो रोज ऐकतोय. मला तो आवडायचा. मी समजत होतो ते त्याचं हाड होतं.

कोर्टात तू उजवा हात गळ्यात बांधून उभी राहिलीस आणि म्हणालीस, नवऱ्यानं पिरगळून मोडला. मी पिंजऱ्यात उभा राहून ते ऐकलं आणि तिथेच ठरवलं की सुटल्यावर त्याचे दोन्ही हात मोडून मगच त्याला मारायचा. सात वर्षं मी त्या एका हातावर जगलो.

एकशे सोळावं पान खरं आहे का? एका शब्दात लिही.

गेंडा

१५ नोव्हेंबर

गेंड्या,

हो.

एका शब्दात म्हणालास, पण तेवढ्यावर तुला सोडणार नाही. त्यानं मला केसांना धरून दोन मजले खाली ओढलं, माझं कपाळ कठड्यावर आपटलं, पोटात लाथा घातल्या, हे सगळं खरं आहे. तू आला नसतास तर मी मेले असते हेही खरं आहे. पहिल्या दोन घावांसाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. तिसरा नको होता. तो पडला होता रे. मी ओरडले, "पुरे, पडलाय तो," तुला ऐकू आलं नाही. मग हात घातला. मनगटाजवळ दोन्ही हाडं गेली. डॉक्टरांनी सांधली ती वाकडी बसली, बोटं मिटत नाहीत. पेन्सिल धरता येत नाही.

नवऱ्याच्या नावावर घातलं कारण तुझ्या वकिलानं सांगितलं, हात त्यानं मोडला असेल तर शिक्षा कमी होईल. झालीही. साहेब हे वाचत असतील तर वाचू देत. खोट्या साक्षीसाठी मला आत घालायचं असेल तर दोन खाटांची सोय तिकडेच करा. तेव्हा मला वाटलं होतं की मी तुझी काही वर्षं वाचवते आहे. मी तुला त्याला मारायचं कारण देते आहे हे कळलं तोवर तू ते कारण उशाशी घेऊन झोपायला लागला होतास.

भेटीला आले तेव्हा दोनदा सांगायला तोंड उघडलं. तू जाळीपलीकडून माझ्या हाताकडे बघायचास आणि तुझे डोळे असे व्हायचे की मला तोंड मिटावं लागायचं. समोर सांगितलं असतं तर एक तर तू मला खोटं पाडलं असतंस, नाही तर भिंतीवर डोकं फोडून घेतलं असतंस. पुस्तकातलं मात्र तू ऐकतोस. लहानपणापासून तुझं हेच आहे.

लेखकानं मालिका खरंच सोडली. बारावा शेवटचाच. तू मध्ये येणाऱ्याची चूक असं लिहिलंस ते वाचलं त्याच दिवशी मी लिहायला बसले. मशीनकाकांनी एकच प्रत काढली. शिवण मी घातली, दातात दोरा धरून. मास्तरांना सांग, खरंच जड गेलं.

मी काही लेखिका नाही. मारामाऱ्या कमी पडल्या असतील. पण तू गुण दिले नाहीस आणि शेवटाबद्दल चकार शब्द लिहिला नाहीस. लिफ्टवाला पाना खाली ठेवतो, मुकादमाला जिन्यातच सोडतो आणि फुलवालीला दवाखान्यात नेतो. मला दुसरा शेवट येत नव्हता. मी तुला शब्दात बांधलं होतं, ते गुण अजून यायचेत. पंधरा दिवस राहिलेत आणि मी रोज पोस्टमनची वाट बघते.

ताई

२४ नोव्हेंबर

ताई,

आठवडाभर लिहिता आलं नाही. भिंतीवर डोकं फोडून घेशील म्हणालीस. एकदाच आपटलं. तीन टाके पडले. दुसऱ्यांदा आपटणार तेव्हा कुणीतरी मागून कमरेला मिठी मारली. ह्या वेळी मी मागे वळून पाहिलं. सुतार होता. त्याच्या अंगठ्याला माझं रक्त लागलं होतं. मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "पाय सोड, आधी तेरावा भाग वाचून दाखव." रोज दुपारी वीस पानं वाचतोय. एकशे सोळाव्या पानावर मला वाचता येईना, ते त्यानं वाचलं.

शेवट मला पटलेला नाही, खोटं कशाला बोलू? मुकादम जिवंत राहिला हे माझ्या घशाखाली उतरत नाही. परवा हौदापाशी तो पानफाड्या दिसला तर मूठ आपोआप वळली. वळली आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. सात वर्षं तुला एकच मूठ वळता आली नाही.

मास्तरांनी तेराव्या भागाला पुठ्ठ्याची बांधणी करायला परवानगी दिली. तुझी शिवण तशीच ठेवली आहे. पाठीला आतून अस्तर लावावं लागतं, त्याला कुठलाही जुना कागद चालतो. माझ्याकडे एक कागद होता, त्यावर मुकादमाचा मजला लिहिला होता. तो खळ लावून आत चिकटवला आणि वर कापड चढवलं. चोवीस तास दाबाखाली ठेवलं. आता तो वाचायचा तर पुस्तकाची पाठ फाडावी लागेल, शिवणीसकट. ते माझ्यानं होणार नाही.

आता गुण. तेराव्या भागाला दहा. मुकादमाला सोडल्याबद्दल एक कापणार होतो, पण ते नियमात बसत नाही. नियम जखमांचा आहे, आणि त्यात तू एकही सोडली नाहीस. सोडली ती मी.

तीस तारखेला येऊ नकोस म्हणालो होतो, ते मागे घेतो. सकाळी दहाला सोडतात, ये. माझी पेटी उचलायला जाऊ नकोस. आणि रस्त्यानं जाताना मी तुझ्या उजव्या बाजूनं चालेन, गर्दीत हाताला धक्का लागतो.

गेंडा